मुंबई बघायला येताय? या चुका टाळा

सुट्ट्या लागल्या की आमच्या परळच्या घरी मिरजेकडची माणसं येतात. येताना मोबाइलमध्ये यादी तयार असते: गेटवे, एलिफंटा, सिद्धिविनायक, हाजी अली, राणीची बाग, जुहू, कान्हेरी. मुक्काम दोन दिवसांचा. पहिल्याच दिवशी रात्री सगळे पाय चोळत बसतात आणि विचारलं काय बघितलं, तर निम्मा दिवस टॅक्सीतच गेलेला असतो. मला फार वाईट वाटतं, कारण या शहरात बघण्यासारखं खूप आहे आणि त्यातलं बरंचसं नुसतं चालत, एक पैसाही न देता बघता येतं.

जागांची नको, भागांची यादी करा

मुंबई दक्षिणोत्तर पसरलेली आहे, लांबट आणि चिंचोळी. सकाळी गेटवे, दुपारी कान्हेरी आणि संध्याकाळी पुन्हा मरीन ड्राइव्ह असा बेत केला तर दिवस प्रवासातच संपतो. एक दिवस फोर्ट-कुलाब्याला द्या, एक दादर-माटुंगा-भायखळ्याला. तिसरा दिवस हाताशी असेल तरच बोरिवली गाठा. तिथल्या कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत आणि पाणी साठवायला खडकात खोदलेली टाकी बघण्यातच तासभर जातो. तिथे घाईने जाऊन काही हाती लागत नाही.

सुट्टीचे वार आधी बघा. घारापुरी (म्हणजेच एलिफंटा) आणि कान्हेरी सोमवारी बंद. राणीची बाग आणि तिच्या शेजारचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी रांग मोठी असते, तेव्हा नवस नसेल तर दुसरा वार निवडा. तुमच्याकडे एकटा सोमवारच असेल तर घारापुरीसाठी हळहळू नका, सरळ फोर्टमध्ये फिरा.

घारापुरीला जायचं असेल तर सकाळची लाँच पकडा. गेटवेवरून तासाभराचा प्रवास आहे, वर पायऱ्याही चढायच्या आहेत, आणि उन्हं तापल्यावर म्हाताऱ्या माणसांना त्याचा त्रास होतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर या बेतावर अख्खा दिवस लावून बसू नका. मुख्य लेण्यात सुमारे २० फुटी त्रिमूर्तीसमोर बाहेरून येऊन लगेच फोटो काढला तर काहीच नीट येत नाही. दहा मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की उजवीकडचा स्त्रीचा चेहरा आणि डावीकडचा उग्र चेहरा वेगळे दिसायला लागतात. मुलं हमखास विचारतात, एलिफंटाचा हत्ती कुठे आहे? तो बेटावर नाही. १८६४ मध्ये हलवताना त्या दगडी हत्तीचे तुकडे झाले, पुढे ते जोडून तो भायखळ्याला उभा केला. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो आजही आहे. राणीच्या बागेत पेंग्विन बघायला जाणारे किती लोक त्याच्या जवळून न बघता निघून जातात!

लोकलला घाबरू नका, पण वेळ सांभाळा

सकाळी ८ ते ११ शहराकडे आणि संध्याकाळी ५ ते ९ उपनगरांकडे जाणाऱ्या गाड्यांत पोरंबाळं आणि बॅगा घेऊन चढू नका. दुपारी ११ ते ४ मध्ये त्याच गाडीत खिडकी मिळते. आणि एक गोष्ट अगदी मनापासून सांगते: बोरिवलीच्या अलीकडे उतरायचं असेल तर गर्दीच्या वेळी विरार फास्ट पकडू नका. चढाल कसेबसे, पण दारापर्यंत पोहोचता येणार नाही. वांद्र्याला जायला स्लो गाडी चांगली. इंडिकेटरवर स्लो-फास्ट आणि किती डब्यांची गाडी आहे, दोन्ही बघा. फर्स्ट क्लासच्या आणि लेडीज डब्यांवर तिरपे पट्टे असतात. साधं तिकीट घेऊन फर्स्ट क्लासमध्ये शिरलात तर दंड होतो, आणि ‘आम्ही बाहेरगावचे’ म्हणून तो सुटत नाही.

दादरला फलाटांचे जुने क्रमांक सांगणारे पाहुणे अजून भेटतात. डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ आणि मध्य रेल्वेचे ८ ते १४ असे सलग क्रमांक आहेत. रविवारी बाहेर पडण्याआधी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, कुठे आहे ते बघून घ्या.

ताटातूट झाली तर काय करायचं हे घरातून निघतानाच ठरवा. नियम सोपा आहे: जो गाडीत राहिला त्याने पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि तिथून हलायचं नाही. मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने तिथे जायचं. माझी मावशी एकदा दादरला अशीच गाडीत राहिली. फोन माझ्या पिशवीत. आम्ही माटुंग्याला उतरलो तर ती इंडिकेटरखालच्या बाकावर मांडीवर पर्स धरून बसलेली. ‘तू म्हणाली होतीस ना, हलायचं नाही,’ म्हणाली. चुकून पुढे गेलात तरी पुलावरूनच पलीकडे जा. रूळ ओलांडायचा विचारही करू नका.

रिक्षा शोधत दादरला उभे राहिलेले पाहुणे मी अनेकदा बघते. वांद्रे आणि शीव (सायन) यांच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत. तिथे टॅक्सी, बस किंवा आता आरे ते कफ परेड धावणारी भुयारी मेट्रो. सिद्धिविनायक, सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), हुतात्मा चौक ही स्टेशनं तिच्या मार्गावरच आहेत.

फोर्टमध्ये मान वर करून चाला

सीएसएमटीसमोर सेल्फी काढून लोक निघून जातात, त्याची मला खरंच हळहळ वाटते. १८७८ मध्ये बांधायला घेतलेली ही इमारत पूर्ण व्हायला १० वर्षं लागली. दगडातले मोर, माकडं, पानं-वेली यांच्या कोरीवकामात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात होता. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. लोकलच्या तिकीट खिडक्यांच्या दालनात जाऊन छताकडे बघा. तिकिटाच्या रांगेतली माणसं रोज ज्याच्याखाली उभी असतात, ते छत एखाद्या राजवाड्यातलं वाटतं.

तिथून हुतात्मा चौकात या, संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेल्यांच्या स्मारकापाशी दोन मिनिटं थांबा, मग ओव्हल मैदानावर जा. मैदानाच्या मधोमध उभं राहिलात की पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं, टोकदार. पश्चिमेला मागे वळलात की समुद्र बुजवून केलेल्या जमिनीवरच्या १९३०च्या दशकातल्या गोल बाल्कन्यांच्या इमारती. या दोन्ही बाजूंना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आणि मधे पोरं क्रिकेट खेळत असतात. रविवारी ऑफिसं बंद असल्याने हे सगळं निवांत बघता येतं.

लोकांची घरं म्हणजे देखावा नाही

गिरगावातली खोताची वाडी सुंदर आहे, पण त्या व्हरांड्यांत माणसं राहतात. कुणाच्या ओट्यावर चढून फोटो काढू नका. वाळकेश्वरला बाणगंगेच्या काठी लोक आपल्या माणसांचे विधी करायला येतात. त्यांच्या दिशेने मोबाइल धरू नका, बस एवढंच.

हाजी अलीला जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा, मोठ्या भरतीत तिकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते. आणि संध्याकाळ मॉलमध्ये घालवू नका, मॉल मिरजेजवळही आहेत. शनिवार-रविवार असेल तर दादरच्या शिवाजी मंदिरात काय लागलंय ते बघा आणि नाटकाची तिकिटं काढा. मध्यंतरात बटाटेवडा खाताना शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी जे बोलणं होतं, त्यातून परळ-लालबागची गोष्ट जितकी कळते तितकी मला कुठल्याच फलकावरून कळली नाही.

निघायच्या आदल्या रात्री परतीच्या तिकिटावरचं स्टेशन वाचा. एलटीटी (लोकमान्य टिळक टर्मिनस) म्हणजे कुर्ल्याचं लोकल स्टेशन नव्हे, तिथे टिळकनगरला उतरून जाणं सोपं. वांद्रे टर्मिनस आणि वांद्र्याचं लोकल स्टेशन हीदेखील वेगवेगळी ठिकाणं आहेत.