पोलिसांनी मारलं तर काय करायचं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या लोकांसाठी

पोलिसांना बळ वापरायची मुभा कायद्यानेच दिलीय, हे आधी मान्य करून घ्या म्हणजे पुढचं भांडण सोपं जातं. अटक करताना माणूस झटापट करायलाय तर जोर लावता येतो, बेकायदा जमाव सांगूनही उठत नाही तर लाठी चालते. प्रश्न असतो तो जोर गरजेपुरता होता की नाही एवढाच. पळून जाऊ नये म्हणून लागेल त्यापेक्षा जास्त जखडायचं नाही असं नागरिक सुरक्षा संहितेचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेली) कलम ४६ सांगतं. जमाव पांगवायचं कलम १४८, तिथे पांगा म्हणून हुकूम आधी द्यावा लागतो, आणि तो द्यायचा एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेटने नाहीतर स्टेशनच्या इनचार्जने, इनचार्ज नसेल तर निदान पीएसआयने तरी. आणि एकदा माणूस ताब्यात येऊन बाकड्यावर बसला की त्याला मारायला कायद्यात कुठे जागाच नाही. कबुलीसाठी मारलं तर न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेली) कलम १२०, सात वर्षांपर्यंत शिक्षा, गंभीर दुखापत केली तर दहा.

आता आपल्याकडची सवय बघा. १९८६ च्या कन्नडसक्तीच्या आंदोलनातला गोळीबार घ्या, २०१४ च्या जुलैत येळ्ळूरला 'महाराष्ट्र राज्य' फलकावरून झालेला लाठीमार घ्या, प्रत्येक वेळी सभा झाल्या, निवेदनं गेली, पेपरात फोटो आले. ते सगळं करा की, कोण नको म्हणतंय. पण एकेका माणसाच्या अंगावरच्या वळाचा कागद वेळेत झाला नसेल तर दोन वर्षांनी कोर्टात दाखवायला हातात काय राहतं? आणि हे फक्त मराठी माणसाचं दुखणं आहे असंही नाही, १० डिसेंबर २०२४ ला बेळगावच्या सुवर्णसौध ह्या विधानभवनाजवळ आरक्षण मागणाऱ्या पंचमसाली (लिंगायत) आंदोलकांवर लाठी चालली ते सगळे कन्नडच होते. त्यामुळे खालचं सगळं शेजारच्या कन्नड माणसालाही तसंच लागू आहे, त्यालाही सांगा.

पहिलं काम दवाखाना. घरी हळद लावून झोपू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावा, बेळगावात असाल तर सिव्हिल, नाहीतर तालुक्याचं हॉस्पिटल, आणि एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे मारहाणीची दवाखान्यातली नोंद) करा म्हणून तोंडाने सांगा. इथेच सगळ्यात जास्त केसेस मरतात. कॅज्युअल्टीत डॉक्टर विचारतो कसं लागलं, बाजूला कॉन्स्टेबल उभा असतो, आणि आपला माणूस खाली मान घालून म्हणतो "पडलो". डॉक्टर तेच लिहितो, त्याची चूक नाही. मग नंतर कितीही ओरडा, समोरचा वकील तो एक शब्द काढून दाखवणार. म्हणून कोणी, कशाने, कुठे मारलं हे डॉक्टरला सांगा आणि रजिस्टरमध्ये तसंच लिहिलंय का बघा. फोटो काढताना एकात चेहरा आणि जखम दोन्ही यायला पाहिजेत, दुसरा जवळून, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत काढा कारण वळ तेव्हा जास्त काळेनिळे दिसतात. रक्त लागलेला शर्ट धुवू नका, कागदात गुंडाळून ठेवा, आईला आधी सांगून ठेवा नाहीतर ती बादलीत टाकणारच.

माणूस आतच असेल तर बाहेरच्यांनी हलायचं. अटकेचा मेमो करावा लागतो, त्यावर घरच्या नाहीतर गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते, अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, हे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६, पुढची नुसती कलमंही त्याच संहितेची. घरच्यांना कळवायचं कलम ४८ आहे. अटकेनंतर लगेच मेडिकल, कलम ५३, आणि त्या रिपोर्टची कॉपी मागायचा हक्क आहे. २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यायचं, कलम ५८. ह्यातलं बरंचसं सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच डी. के. बसू केसमध्ये सांगितलं होतं, म्हणजे नवीन कायदा आलाय, आम्हाला माहीत नाही असं कोणी म्हणू शकत नाही. मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं की मार बसलाय हे तिथेच बोला, शर्ट वर करून दाखवा, लिहून घ्या म्हणा. रिमांडच्या कागदावर ती ओळ आली तर तिचं वजन वेगळंच असतं. वकील नसेल तर १५१०० वर फोन करा, कस्टडीतल्या माणसाला फुकट वकील मिळतो.

सहीबद्दल पण सांगून ठेवतो. स्टेशनात कन्नडमध्ये काहीतरी लिहून "सही माडरी" (सही करा) म्हणतात आणि आपण करून मोकळे होतो. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ बघा. एफआयआर असेल तर तो तुम्हाला वाचून दाखवायचा आणि कॉपी फुकट द्यायची. कन्नड वाचता येत नसेल तर येणाऱ्याला बोलवा, तोपर्यंत पेन हातात घेऊ नका.

आता तक्रार. मराठीत दिली तर काउंटरवर "कन्नडदाग बरकोंड बर्री" (कन्नडमध्ये लिहून आणा) म्हणतील. घटनेचं कलम ३५० असं आहे की केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं, त्यामुळे मराठी अर्ज परत करायचा अधिकार त्यांना नाही. पण माझं मत विचाराल तर तिथे तत्त्वाची लढाई करत बसू नका, मराठी अर्जाला कन्नड भाषांतराचं एक पान पिनअप करा आणि इनवर्ड नंबर घेऊन या, भाषेचं भांडण लढायला दुसरे दिवस आहेत. मजकूर साधा ठेवा:

"दिनांक अमुक, रात्री सुमारे इतक्या वाजता, अमुक चौकात, अमुक स्टेशनच्या दोन कर्मचाऱ्यांनी (एकाच्या नेमप्लेटवरचं आडनाव अमुक, दुसऱ्याची नेमप्लेट नव्हती, गाडी नंबर अमुक) मला लाठीने डाव्या पोटरीवर आणि पाठीवर मारलं. त्या वेळी मी खाली बसलेलो होतो व प्रतिकार करत नव्हतो. साक्षीदार अमुक, अमुक. एमएलसी नंबर अमुक. गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत द्यावी."

एवढंच. "सीमाभागातील जनतेवर दशकानुदशके अन्याय" वगैरे ह्यात घालू नका, ते भाषणाला ठेवा. प्रतिकार करत नव्हतो ही ओळ मात्र खरी असेल तर विसरू नका, आणि खरी नसेल तर घालू नका, व्हिडिओ कोणाकडे ना कोणाकडे असतोच.

स्टेशनने घेतला नाही तर कलम १७३(४) खाली वरच्याकडे, म्हणजे शहर हद्दीत असाल तर पोलीस कमिशनर ऑफिस, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे असाल तर एसपी. तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे १७५(३), अॅफिडेव्हिटसकट, त्यामुळे आधीच्या दोन्ही पोचपावत्या लागतात. पोलीस ड्युटीवर होता असं निघालं तर १७५(४) प्रमाणे मॅजिस्ट्रेट आधी त्याच्या वरिष्ठाचा रिपोर्ट मागवतो. शिवाय सरकारच्या मंजुरीचा अडसर आहेच, नागरिक सुरक्षा संहितेचं २१८ आणि कर्नाटक पोलीस कायद्याचं १७०. कर्तव्याशी संबंध असलेली जादती असेल तरी मंजुरी लागते असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये कर्नाटकातल्याच केसमध्ये सांगितलंय, म्हणून ही पायरी वकिलाशिवाय चढू नका. हायकोर्टात जायची वेळ आली तर बेंगळूरला पळायची गरज नाही, धारवाडचं खंडपीठ आहे.

फौजदारी केस रखडते म्हणून दुसरे दरवाजे एकदमच ठोठवा. प्रकाश सिंग केसमध्ये २००६ साली सुप्रीम कोर्टाने पोलीस तक्रार प्राधिकरण करा म्हणून सांगितलं, कर्नाटकने २०१२ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्याला एक आणि जिल्ह्याला एक अशी सोय केली. कोर्टाच्या आदेशाप्रमाणे डीएसपीपर्यंतच्याची तक्रार जिल्ह्याला, एसपी आणि वरच्याची राज्याला. आणि मानवी हक्क आयोग, राज्याचा किंवा दिल्लीचा. ह्या दोन्ही आयोगांकडे एकदम पाठवू नका, एकाने हातात घेतलं की दुसरा सोडून देतो. फी नाही, घटनेपासून एक वर्षाच्या आत जायला पाहिजे, आणि दिल्लीच्या आयोगाला आठव्या अनुसूचीतली कुठलीही भाषा चालते, म्हणजे मराठी बिनधास्त. आयोग शिफारस करतो, शिक्षा देत नाही, तेवढी अपेक्षा ठेवूनच जावा.

सीसीटीव्हीसाठी थांबू नका. परमवीर सिंग सैनी केसमध्ये डिसेंबर २०२० ला सुप्रीम कोर्टाने सगळ्या स्टेशनात, लॉकअपमध्ये, कॉरिडॉरमध्ये कॅमेरे आणि १८ महिने रेकॉर्डिंग असं सांगितलं, ती सोय नसेल तिथे कमीत कमी एक वर्ष. कागदावर ठीक, पण "हार्ड डिस्क खराब होती" हे उत्तर ठरलेलं असतं. म्हणून त्याच आठवड्यात स्पीड पोस्टने पत्र टाका की अमुक तारखेचं, इतक्या ते इतक्या वाजताचं फुटेज जपून ठेवा. पत्राची कॉपी त्याच निकालात सांगितलेल्या जिल्ह्याच्या देखरेख समितीला, त्यात रिजनल कमिशनर, डीसी (जिल्हाधिकारी), एसपी आणि महापौर नाहीतर जिल्हा पंचायतीचा प्रमुख असं धरलंय. महापौर आपल्यातला असेल तर त्यालाही हे काम आहे म्हणून आठवण करून द्या, बहुतेक त्याला माहीतच नसेल.

उलटी केस येणार हे धरूनच चाला. सरकारी नोकरावर हल्ला केला म्हणून पूर्वी आयपीसीचं ३५३ लावायचे, आता न्याय संहितेचं १३२, आणि कामात अडथळ्याचं २२१. रस्त्यावर लांबून मोबाईलवर शूट करायला बंदी नाही, पण मधे घुसू नका, शिवी देऊ नका, हात लावू नका. व्हिडिओ स्टेटसला टाकायच्या आधी मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा, व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या कॉपीला कोर्टात किंमत कमी.

शेवटचं ट्रेनिंगचं, जे कोणीच विचारत नाही. खानापूरला पोलीस ट्रेनिंग स्कूल आहे, कंग्राळीला केएसआरपीचं (राज्य राखीव पोलिसांचं) आहे, म्हणजे लाठी कशी धरायची हे आपल्या उशालाच शिकवतात. माहिती अधिकारात विचारा: लाठीमाराचं ड्रिल कुठल्या आदेशाने शिकवतात, त्यात शरीराच्या कुठल्या भागावर मारायचं नाही असं लिहिलंय, आणि गेल्या वर्षी बंदोबस्तावरच्या किती जणांचं रिफ्रेशर झालं. दहा रुपये फी. कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे लाठीचा वेगळा, सीसीटीव्हीचा वेगळा टाका, नाहीतर तेवढ्यावरच परत येतो. उत्तराला ३० दिवस, पण माणूस आत असेल आणि जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर वर ठळक अक्षरात "कलम ७(१), ४८ तास" असं लिहा.