लेखकाला काय म्हणायचं होतं हे बाजूला ठेवून कलाकृती कशी जोखावी

'कवीला इथे काय म्हणायचं आहे?' हा प्रश्न शाळेत इतक्या वेळा सोडवलेला असतो की पुढे कथा वाचताना, चित्रपट पाहताना, चित्रासमोर उभं राहिल्यावरही तोच आधी मनात येतो. मग कुठल्या तरी मुलाखतीत किंवा प्रस्तावनेत त्याचं उत्तर सापडतं आणि आपल्याला कृती कळली असं वाटतं. प्रत्यक्षात आपण तिच्याकडे पाहायचं थांबलेलो असतो. विल्यम विमसॅट आणि मन्रो बिअर्डस्ली या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी १९४६ साली एका निबंधात यावर नेमकं बोट ठेवलं. निर्मात्याचा हेतू आपल्या हाती पुरता लागत नाही, आणि लागला तरी कृतीचं यश मोजायला ते माप योग्य नाही, असं त्यांचं म्हणणं. समीक्षकांमध्ये त्यावरून आजही वाद होतात. तरी रोजच्या वाचनाला उपयोगी पडेल अशी शिस्त त्यातून नक्की घेता येते.

आधी कृती, बाकी सगळं नंतर

मलपृष्ठावरचा मजकूर, प्रस्तावना, मुलाखत, परीक्षण यांतलं काहीही आधी वाचू नका. शीर्षक मात्र वाचा, कारण ते कृतीचाच भाग असतं. अर्पणपत्रिका आणि कृतीच्या आरंभी दिलेलं अवतरणही त्यातच मोडतं. छोटी कविता असेल तर तीनदा वाचा, त्यातलं एक वाचन मोठ्याने करा. कथा दोनदा वाचा. चित्रपट एकदा सलग पाहा आणि मग मनात अडकलेले दोन-तीन प्रसंग पुन्हा पाहा.

नाव झाकलं की काम झालं, असं मात्र समजू नका. इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना कवीचं नाव न सांगता कविता वाचायला दिल्या आणि त्यांचे अभिप्राय १९२९ साली पुस्तकात छापले. अनेकांना कवितेचा साधा सरळ अर्थही लागला नव्हता. पुष्कळांनी कवितेऐवजी आपल्या ठरीव भावना आणि आठवणी वाचल्या होत्या. लेखकाचा हेतू बाहेर काढला की रिकाम्या जागी आपला हेतू येऊन बसतो. या पद्धतीतला सर्वांत मोठा धोका हाच आहे आणि पुढची पायरी त्याच्यासाठीच आहे.

कागदाचे दोन रकाने

डाव्या रकान्यात 'आहे' आणि उजव्यात 'वाटलं' असं लिहा. डावीकडे फक्त दाखवता येईल तेच येईल: शब्द, क्रम, पुनरुक्ती, कोण बोलतं, कोण गप्प राहतं, कॅमेरा कुठे थांबतो. उजवीकडे तुमची प्रतिक्रिया. नियम एकच: उजवीकडची प्रत्येक ओळ डावीकडच्या किमान एका ओळीला बाणाने जोडता आली पाहिजे. जोडता येत नसेल तर ती खोडू नका, तिच्याभोवती वर्तुळ करा. असं वर्तुळातलं वाक्य बहुतेकदा तुमच्याबद्दल असतं, कृतीबद्दल नसतं.

उदाहरणासाठी रचलेल्या या दोन ओळी घ्या: 'त्याने पत्र उघडलं नाही. कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.' समजा, लेखक म्हणतो की ही विसरण्याची गोष्ट आहे. डावा रकाना काय म्हणतो? पत्र फाडलेलं नाही, जाळलेलं नाही, ठेवलेलं आहे. आणि किल्ली कुठल्या खणात टाकलेली नाही, ती गळ्यात आहे, म्हणजे उठता-बसता अंगाला लागणार. हा माणूस विसरत नाहीये, तो न विसरण्याची सोय करतोय. लेखकाला विसरणं दाखवायचं असेलही, पण ओळींत उतरलं ते दुसरंच, आणि कदाचित अधिक चांगलं.

दावा एका वाक्यात

आता कृतीबद्दल एक वाक्य लिहा. त्याला कृतीतले किमान तीन आधार द्या आणि विरोधात जाणारी एक जागा मुद्दाम शोधा. ती जागा सापडली की दावा सुधारा. ती कशीबशी गुंडाळून टाकाल तर अर्थ लावणं संपून वकिली सुरू होईल. 'प्रत्येकाचा अर्थ आपापला' हा सूरही इथेच सोडून द्यावा लागतो. अर्थ अनेक असू शकतात, पण तीन आधारांचा अर्थ आणि शून्य आधारांचा अर्थ एका पंक्तीत बसत नाहीत.

लिहिताना 'लेखकाला इथे सुचवायचं आहे की' असं वाक्य आलं तर ते खोडून 'इथे असं घडतं की' ने सुरुवात करा. बदल छोटा आहे, पण पुढचं वाक्य आपोआप कृतीकडे वळतं. तसंच पात्राचं किंवा निवेदकाचं मत लेखकाच्या नावावर टाकू नका.

बाहेरची माहिती किती घ्यायची

सगळी बाहेरची माहिती सारखी नसते. त्या काळात एखाद्या शब्दाचा अर्थ काय होता, त्या साहित्यप्रकाराचे संकेत काय होते, हे बिनधास्त पाहा. ती भाषेची सामाईक मालमत्ता आहे, कुणाचा खासगी हेतू नव्हे. लेखक एखादी प्रतिमा आपल्या इतर लेखनातही खास अर्थाने वापरत असेल, तर ते ताडून पाहा, पण जपून. 'हे मी का लिहिलं' असं सांगणारी पत्रं आणि मुलाखती सर्वांत शेवटी.

उपहासाचं काय, असं हमखास विचारलं जातं. तो ओळखायला लेखकाची साक्ष लागत नाही का? जोनाथन स्विफ्ट यांच्या १७२९ च्या पुस्तिकेत गरिबांची तान्ही मुलं अन्न म्हणून विकण्याचा प्रस्ताव आहे. तो उपहास आहे हे मजकुरातूनच कळतं. निवेदक हिशेबनिसाच्या थंडपणाने आकडेमोड करतो आणि शेवटाकडे खरे, शहाणे उपाय एकेक करून नाकारतो. चांगला उपहास आपली किल्ली आतच ठेवतो.

आता लेखकाचं ऐका

इथवर आलात की मुलाखत वाचा. एका जाणत्या वाचकाचं मत म्हणून वाचा, निकाल म्हणून नको. तिला एकच कसोटी लावा: या म्हणण्यामुळे कृतीतली न उलगडलेली एखादी जागा उलगडते का? उलगडली तर कृतज्ञतेने घ्या.

लेखकाचं म्हणणं काळानुसार बदलतं, हेही लक्षात असू द्या. रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी १९५३ ची. १९५६ च्या एका रेडिओ मुलाखतीत त्यांनी ती पुस्तकं जाळली जाण्याच्या धास्तीशी जोडली. २००७ मध्ये मात्र ही सरकारी सेन्सॉरशिपची गोष्ट नाही, टीव्हीने वाचन मारल्याची आहे, असं सांगितलं. यातला खरा हेतू कोणता, हे शोधत बसण्यापेक्षा पुस्तक उघडा. त्यात पुस्तकं जाळणारे बंबवाले सरकारी नोकर आहेत. त्यांचाच कॅप्टन बिटी मात्र म्हणतो की याची सुरुवात सरकारने केली नाही, ती लोकांमधूनच झाली. दोन्ही गोष्टी कृतीत आहेत, आणि तिचं बळ त्या दोन्ही एकत्र असण्यात आहे.

मोल ठरवताना

'ठरवलं ते साधलं का' हे माप फसवं आहे. लक्ष्य खुजं असेल तर ते साधूनही कृती खुजीच राहते. उलटही होतं. अप्टन सिंक्लेअर यांना १९०६ च्या 'द जंगल' या कादंबरीतून कामगारांचे हाल मांडायचे होते, पण वाचक हादरले ते मांसाच्या कारखान्यांतल्या घाणीने. त्याच वर्षी अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा झाला. लोकांच्या काळजावर नेम धरला आणि लागला पोटात, अशा अर्थाचं ते स्वतःच बोलले. म्हणून तीन नोंदी वेगवेगळ्या करा: घडण कशी आहे, अर्थ किती खोल जातो, वाचकावर परिणाम काय होतो. एका नोंदीचे गुण दुसरीत मिळवू नका.

निर्मात्याचं वागणं हा चौथा, अगदी स्वतंत्र प्रश्न आहे. त्याची कृती विकत घ्यावी का, त्याचा सत्कार करावा का, हे ठरवताना तो जरूर विचारा. घडणीच्या नोंदीत मात्र तो नको. आणि आत्मचरित्र किंवा वार्तांकन हाती असेल तर ही पद्धत अर्धीच लागू पडते. तिथे 'हे खरं घडलं' असा शब्द वाचकाला दिलेला असतो, आणि तो पाळला का, हे मजकुराबाहेर जाऊनच तपासावं लागतं.