रेड वाइनसुद्धा गार करा: घरच्या जेवणावर वाइन चाखताना

सहा जण, तीन बाटल्या आणि रविवारचं नेहमीचं जेवण. एवढ्यावर वाइन चाखण्याचा बेत छान जमतो. त्याला चीज लागत नाही, आणि ‘लाकडाचा वास येतोय बघ’ म्हणणारा जाणकार मित्र तर अजिबात लागत नाही.

एक सॉविन्यॉन ब्लां, एक किंचित गोडसर शेनिन ब्लां (या दोन व्हाइट) आणि एक शिराझ (ही रेड) आणा. तिन्ही नाशिकच्या मिळतात. व्हाइट घेताना लेबलावरचं साल बघा. तिकडे गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, पावसाळा सरता सरता होते आणि द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, त्यामुळे चालू किंवा गेल्या सालची वाइन मिळायला हरकत नसते. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली अर्ध्या किमतीतही नको.

आता तापमान. इथे मी दोन उन्हाळे माती खाल्ली.

‘रेड रूम टेंपरेचरलाच प्यायची, फ्रिजमध्ये घालायची नाही,’ असं दुकानदारापासून ऑफिसातल्या मित्रापर्यंत प्रत्येकाने बजावलेलं. पण रूम कुठली? हा सल्ला युरोपातल्या जुन्या, गार घरांचा. तिथली खोली 16 ते 18 अंशांची. मे महिन्यात पुण्यात माझं स्वयंपाकघर 34 वर असतं. अशाच एका दिवशी बहिणीकडच्यांना जेवायला बोलावलं होतं. मटणाचा तांबडा रस्सा, आणि 14 टक्के अल्कोहोलची शिराझ ओट्यावरून थेट ग्लासात. दाजींनी घोट घेतला, रस्सा भुरकला, पुन्हा घोट घेतला आणि ग्लास हळूच ताटापासून लांब सरकवला. ‘काढा छान झालाय,’ एवढंच म्हणाले.

बरोबरच होतं त्यांचं. वाइन कोमट असली की अल्कोहोल आधी नाकात घुसतं आणि फळाचा वास मागे पडतो. वर मिरची. मिरचीतलं कॅप्सायसिन तोंडातल्या ज्या उष्णतेच्या जाणिवेला डिवचतं, तिलाच अल्कोहोलही डिवचतं. म्हणजे रस्स्याने वाइन जाळते आणि वाइनने रस्सा.

पुढच्या वेळी मी उलट टोक गाठलं आणि शिराझ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवली. 4-5 अंशांवर रेड मुकी होते, वास येत नाही आणि टॅनिन, म्हणजे रेडमधला तुरटपणा, जांभळाच्या सालीसारखं जीभ आवळतं. फ्रीझरचं तर नावच काढू नका. ‘दहाच मिनिटं’ म्हणून ठेवलेली माझी एक बाटली सकाळी आठवली, तेव्हा बूच मटारांच्या पिशवीवर पडलं होतं.

शेवटी कामाला आली ती आंघोळीची बादली. (घासून घेतलेली.) निम्मा बर्फ, निम्मं पाणी. नुसत्या बर्फात बाटली ठेवू नका. खड्यांच्या मधल्या हवेने ती लवकर गार होत नाही, पाणी मात्र चहूबाजूंनी चिकटतं. उन्हाळ्यात व्हाइटला वीस-पंचवीस मिनिटं, रेडला दहा-बारा. बर्फ नसेल तर रेड तास-दीड तास फ्रिजमध्ये. थर्मामीटर विकत घेऊ नका. बाटलीच्या पोटाला हात लावा: माठातल्या पाण्याहून जराशी गार लागली की रेड तयार. ती बादलीतून बाहेर काढून ठेवा, व्हाइट शेवटपर्यंत आतच राहू दे.

ग्लास तोंडाशी निमुळता असावा आणि त्याला साबणाचा वास नसावा, बस्स.

ओतताना 60 मिलीच. 750 मिलीच्या बाटलीत असे बारा भाग होतात, सहा जणांना दोन फेऱ्या. भरलेला ग्लास आपल्या हवेत निम्म्यावर यायच्या आत कोमट होतो. गाडी कोण चालवणार हे आधी ठरवा. त्याच्यासाठी आणि पोरांसाठी कोकम सरबत.

चाखायचं असं: एक घोट, एक घास, पुन्हा एक घोट. मत तिसऱ्या पायरीनंतर द्यायचं. सॉविन्यॉन ब्लां तळलेल्या बोंबलांबरोबर द्या, लिंबू पिळल्यासारखं काम करते. शेनिन ब्लां अळूवडीबरोबर. चिंच-गुळाला तिचा गोडसरपणा झेपतो. शिराझ भरल्या वांग्याबरोबर, कारण दाण्याच्या कुटाचा स्निग्धपणा टॅनिनला वठणीवर आणतो. तांबडा रस्सा असेल तर शिराझ बाजूला ठेवून पुन्हा शेनिन ब्लां घ्या. आणि ठेचा वाइन संपेपर्यंत डब्यातच राहू दे, कोणी कितीही मागितला तरी.

श्रीखंडाबरोबर वाइन नको. जी वाइन पदार्थापेक्षा कमी गोड असते ती आंबट लागते, आणि श्रीखंडापेक्षा गोड वाइन मला तरी अजून भेटलेली नाही.

उरलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, रेडही. दोन-तीन दिवस बरी राहते. त्यानंतर ती मटण मुरवायला घ्या.