डिसेंट नोट लिहायची कशी (आणि मी तिची उतरणीची नोट कशी केली)

गोष्ट लातूरची. आमच्या अपार्टमेंटच्या कमिटीत आम्ही ७ जण, बिल्डिंगला बोअर एकच आणि एप्रिल लागला की ते पाण्याऐवजी हवाच फेकायलंय. मिटिंगमध्ये दुसरं बोअर मारायचं ठरलं, ६ जण हो म्हणले, मी एकटा नाही म्हणलो, कारण माझं म्हणणं एवढंच की आधी गच्चीवरचं पावसाचं पाणी जुन्या बोअरमध्ये सोडा, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आलेलं गाव आहे आपलं, नुसती भोकं पाडून किती दिवस पुरणार. कुणी ऐकलं नाही. मग मी ठरवलं, आपलं भिन्नमत लेखी द्यायचं, म्हणजे डिसेंट नोट.

आमचं प्रोसिडिंग बुक इंग्लिशमध्ये असतंय, सेक्रेटरी काका बँकेतून रिटायर झालेत ना. मी रात्री जेवण करून बसलो, कागदावर वर ठळक हेडिंग टाकलं डिसेंट नोट, आणि सकाळी ऐटीत नेऊन दिलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्याजवळ नेला आणि म्हणले, “अहो, ही उतरणीची नोट कशाची दिलाव? लिफ्टबद्दल आहे का?”

झालं असं की मी स्पेलिंग डी-ई-एस-सी-ई-एन-टी केलं होतं. त्याचा अर्थ उतरण, खाली उतरणं, किंवा वंश. परदेशातला माणूस भारतीय वंशाचा आहे असं इंग्लिश बातमीत येतं तिथं जो डिसेंट असतो तो हा. आपल्याला पाहिजे होता डी-आय-एस-एस-ई-एन-टी. दोन्हीचा उच्चार अगदी सारखा, त्यामुळं कानाचा उपयोग नाही, आणि दोन्ही शब्द खरे असल्यामुळं मोबाईलचा स्पेलचेक पण लाल रेघ मारत नाही. तिसरा एक भाऊ आहे डी-ई-सी-ई-एन-टी, म्हणजे सभ्य, बरा. त्याचा उच्चार मात्र वेगळा, डीसंट, जोर पहिल्या अक्षरावर.

म्हणून पहिलं काम स्पेलिंग डोक्यात पक्कं बसवायचं, आणि ते घोकून नाही तर शब्द फोडून. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात सही घेतात तो कन्सेंट फॉर्म सगळ्यांना माहीत आहे. त्यातला सेंट लॅटिनमधून आलाय, मूळ क्रियापद सेंटिरे, म्हणजे वाटणं, जाणवणं. कॉन म्हणजे सोबत, सगळ्यांसोबत तसंच वाटणं म्हणजे कन्सेंट. डिस म्हणजे वेगळं, वेगळं वाटणं म्हणजे डिसेंट. आता डिस संपतो एसवर, सेंट सुरू होतो एसवर, म्हणून एस दोनदा, आणि सी कुठंच नाही. हे एकदा समजलं की चुकूच शकत नाही, मी तरी परत चुकलो नाही.

दुसरं, हा शब्द वापरायचा कुठं ते बघा. चहाच्या टपरीवर मित्राचं म्हणणं पटलं नाही तर तिथं डिसॲग्री बास झालं, तिथं डिसेंट म्हणणं म्हणजे लुंगीवर कोट. ठराव मांडायलेत आणि तुम्हाला तो थांबवायचाय, तर तिथं ऑब्जेक्शन. डिसेंट जास्त करून लागतो तो बहुमतानं किंवा अधिकारी माणसानं एक गोष्ट ठरवली आणि तुम्हाला तुमचं वेगळं मत नोंदवून ठेवायचंय तेव्हा. क्रिकेट बघणाऱ्याला हे लगेच कळेल, अंपायरनं बोट वर केलं आणि बॅट्समन बॅट दाखवत उभाच राहिला की आयसीसीच्या आचारसंहितेत त्याला डिसेंटच म्हणतात, कलम २.८, आणि साधा गुन्हा धरला तरी मॅच फीचा ५० टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो. निर्णय झालेला आहे, तो मान्य नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कोर्टात मात्र याच शब्दाला मोठा मान आहे. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सुप्रीम कोर्टाच्या ५ जजांपुढं प्रश्न होता की स्थानबद्ध केलेल्या माणसाला कोर्टाचं दार ठोठावता येतं का. चौघं म्हणले नाही, एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना म्हणले येतं, आणि त्यांनी तसं सविस्तर लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी त्यांना डावलून त्यांच्यापेक्षा ज्युनिअर जजला सरन्यायाधीश केलं, त्यांनी राजीनामा दिला. २०१७ ला ९ जजांच्या बेंचनं प्रायव्हसीच्या निकालात तो जुना बहुमताचा निकाल मोडीत काढला. त्यातली आपल्याकडची गंमत अशी की ७६ साली बहुमतात आपले पुण्याचे वाय. व्ही. चंद्रचूड होते आणि २०१७ ला तो निकाल चूक होता असं लिहिणाऱ्यांत त्यांचा मुलगा. आता आमचं बोअर कुठं आणि हे कुठं, पण कागदावरचा शब्द तोच.

तिसरं, आणि इथंच आपली मराठी माणसं सगळ्यात जास्त घसरतात: डिसेंटच्या पुढं शब्दयोगी कोणता लावायचा. आपल्या डोक्यात असतंय ‘ठरावाला विरोध’, म्हणून हात आपोआप टू लिहितो. नाहीतर ‘तुमच्याशी सहमत नाही’ म्हणून विथ. दोन्ही चूक. लावायचा फ्रॉम. कारण डिस म्हणजे वेगळं होणं आणि वेगळं होतात ते कशापासून तरी, बहुमतापासून, ठरावापासून. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम ११८ मध्ये, कोणते डायरेक्टर ठरावाशी सहमत नव्हते त्यांची नावं मिनिट्समध्ये लिहा असं सांगितलंय, तिथं पण डिसेंटिंग फ्रॉम असंच आहे. आणि फ्रॉम गाळून नुसतं ‘आय डिसेंट द रेझोल्यूशन’ पण चालत नाही, या क्रियापदाला थेट कर्म लागत नाही.

आपली अजून एक सवय म्हणजे सगळीकडं आयएनजी लावायचं. ‘आय ॲम डिसेंटिंग’ नको, सरळ ‘आय डिसेंट’. नाम म्हणून वापरलं तर नेहमीच्या वापरात त्याचं अनेकवचन करत नाहीत, फक्त जजांच्या लेखी भिन्नमताला एक डिसेंट, दोन डिसेंट्स असं मोजतात. डिसेन्शन हा शब्द भारी वाटतो म्हणून घालू नका, त्याचा अर्थ आपसातली भांडणं, आणि कमिटीत भांडणं आहेत असं स्वतःच्या सहीनं कशाला लिहून द्यायचं.

आता नोट. लोकसभेत विधेयक तपासणाऱ्या प्रवर समितीच्या (सिलेक्ट कमिटीच्या) मेंबराला भिन्नमत देता येतं, पण नियम असा की भाषा सौम्य आणि सभ्य पाहिजे, समितीत कोण काय बोललं ते लिहायचं नाही आणि समितीवर शिंतोडे उडवायचे नाहीत. हाच नियम सोसायटीत, शाळेच्या कमिटीत, पतसंस्थेत कुठंही लावा. माझ्या पहिल्या कागदात ‘बोअरवाला अध्यक्षांचा साडू आहे’ असं वाक्य होतं. खरं होतं, पण काढलं. वर मिटिंगची तारीख आणि ठराव नंबर टाकायचा, तो नाही टाकला तर उद्या कोण कशावर बोलला काही कळत नाही. मग पहिल्याच वाक्यात डिसेंट, खाली कारणं, दोन किंवा तीन, आणि शेवटी काय करावं असं तुम्हाला वाटतं ते. नुसतं नाही म्हणून सोडू नका.

माझं दुसऱ्यांदा लिहिलेलं वाक्य असं: ‘आय रिस्पेक्टफुली डिसेंट फ्रॉम रेझोल्यूशन नंबर ४, टू ड्रिल अ सेकंड बोअरवेल, फॉर द फॉलोइंग रीझन्स.’ खाली दोन कारणं, एक खर्चाचं, एक जुन्या बोअरच्या रिचार्जचं. एक पान पण भरलं नाही.

आणि हो, मिटिंगमध्ये गप्प बसून नंतर चार दिवसांनी नोट देऊ नका. तिथंच हात वर करून सांगा की माझं भिन्नमत नोंदवा, नाहीतर प्रोसिडिंगमध्ये ‘सर्वानुमते मंजूर’ पडतं आणि मग तुमचा कागद कुणी विचारत नाही. दिल्यावर दुसऱ्या कॉपीवर पोच पण घ्या.

काकांनी दुसरा कागद दोनदा वाचला, काही बोलले नाहीत, डिंकाची बाटली काढली आणि प्रोसिडिंगला चिकटवून टाकला. बोअर पुढच्या आठवड्यात मारलं, साडेचारशे फुटाला दोन इंच पाणी लागलं, मी पण तेच वापरायलो.