फ्रिज सुरू झाला की स्पीकरमधून ‘टक्’?

दादरच्या आमच्या जुन्या फ्लॅटमध्ये फ्रिज आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच लाइनवर. ऐन आलापात ‘टक्’! महागड्या केबलच्या नादी लागण्याआधी हे करून घ्या.

१. डीबीत (घरभर वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीत) फक्त म्युझिक सिस्टिमसाठी १६ अँपिअरचा वेगळा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच).
२. तिथून २.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या तीन वायर (फेज, न्यूट्रल, अर्थ) सलग आणा, मध्ये जोड नको. आमच्याकडे भिंत न फोडता छताच्या कडेने पट्टीतून आणल्या, बायको खूश.
३. शेवटी १६ अँपिअरचं सॉकेट. अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर सगळं त्यावरच.

‘टक्’ जवळजवळ गेलं.

नवी लाइन आरसीसीबीखालीच (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचखालीच) हवी. म्युझिक सिस्टिमसाठी वेगळं अर्थिंग ठोकू नका, घराचंच वापरा. काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन बंद करून.