जुन्या डाईंग युनिटची तेलकट माती जिवाणूंकडून साफ करताय? या चुका टाळा

सोलापुरात बंद पडलेल्या डाईंग युनिटच्या आवारात बॉयलरजवळ खणलं, की फर्नेस ऑईल मुरलेली चिकट, उग्र वासाची माती हाती येते. लगेच कल्चरचे, म्हणजे बाहेर वाढवलेल्या जिवाणूंचे, कॅन मागवायची घाई होते. ही पहिली चूक. तेल खाणारे जिवाणू अशा मातीत बहुधा आधीपासूनच असतात. त्यांना हवा मिळत नाही, हे खरं दुखणं आहे.

आपली काळी माती भिजली की फुगते आणि हवेची वाट बंद होते. म्हणून खणून काढलेल्या मातीच्या ढिगात उसाचं चिपाड किंवा तुराट्यांचा भुगा मिसळा, ढीग अधूनमधून उलथा. पाण्याचं माप शेतकऱ्याला विचारा: वाफसा. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला तर ठीक. बोटांना चिखल लागला तर पाणी जास्त झालं. मे महिन्यात मात्र दोन दिवसांत ढीग कोरडा ठाक पडतो, तेव्हा पाणी चुकवू नका.

युरिया अंदाजाने ओतू नका. कार्बन, नत्र, स्फुरद यांचं प्रमाण साधारण 100:10:1 धरतात. एक टन मातीत एक टक्का तेल असेल तर युरिया दोन किलोच्या आतबाहेर लागतो, तोही हप्त्याहप्त्याने. आपल्या चुनखडीच्या मातीत जास्तीचा युरिया अमोनिया होऊन उडतो आणि जिवाणूंनाही मारतो.

तपासणीसाठी मातीचा नमुना वरवरचा घेऊ नका. उन्हाळ्यातल्या भेगांतून तेल खोल उतरलेलं असतं.

वास गेला म्हणजे माती साफ झाली, असं तर मुळीच समजू नका. हलके घटक उन्हाने नुसते उडून जातात. रंगाचंही तसंच: ॲझो रंग (कापडाला वापरतात ते कृत्रिम रंग) फिका पडला तरी मागे त्याच्या तुटण्यातून झालेली ॲरोमॅटिक अमाईन ही रसायनं उरतात, त्यातले काही रंगापेक्षा घातक असतात. आणि क्रोमियम, शिसं जिवाणू खात नाहीत. त्यांची तपासणी आधीच करून घ्या.

शेजारी एक छोटा ढीग काहीही न घालता तसाच ठेवा, फरक तिथेच कळेल. दोन्ही ढिगांखाली जाड ताडपत्री आणि कडेने बांध हवाच. सप्टेंबरचा पाऊस इथे जोरात येतो, आणि खालच्या अंगाला कुणाची तरी बोअर असते.