जागृत राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

मोहात पडू नये म्हणून मनाने जागृत राहणं म्हणजे दिवसभर धास्तावून जगणं नव्हे. तसं कोणी चार दिवसही टिकत नाही. विचार मनात शिरतो त्याच वेळी तो ओळखायचा, एवढंच काम आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात (याकोब १:१४-१५) क्रम दिलाय: वासना भुलवते, ती गर्भवती होते, मग पाप जन्मतं. आपण बहुतेकदा शेवटच्या पायरीवर रडतो. पहारा पहिलीवर हवा.

समजा, कोणाचा तरी खोचक मेसेज आला. मनात राग उसळला, तरी अजून पाप झालेलं नाही. पण 'हा नेहमी असाच वागतो, त्या वेळीसुद्धा…' अशी जुनी उजळणी सुरू झाली की ओळखा, आपण त्या विचाराला आत बसवून घेतलंय. फोन पालथा ठेवा. विचाराला मनातल्या मनात नाव द्या: हा राग आहे, हा मत्सर आहे. मग 'प्रभू येशू, माझ्यावर दया कर' एवढीच प्रार्थना, दोन-तीनदा, सावकाश. उत्तर त्यानंतर लिहा.

मोहाशी वाद मात्र घालू नका. हव्वा सर्पाशी बोलत राहिली आणि फसली. अरण्यात सैतानाने मोह घातला तेव्हा येशूने तिन्ही वेळा बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन पुढे केलं (मत्तय ४). म्हणून आपल्या कमकुवत जागा ओळखून वचनं आधीच पाठ हवीत: रागासाठी याकोब १:१९-२०, चिंतेसाठी फिलिप्पै ४:६-७, पैशाच्या हावेसाठी इब्री १३:५. दोन-तीन पुरेत. मोहाच्या वेळी बायबल उघडून शोधायचं भान राहत नाही.

आपली वेळही ओळखा. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने लिहून ठेवलंय की कंटाळ्याचा आत्मा साधारण सकाळी १० ते दुपारी २ या वेळात गाठतो. तुमची वेळ रात्री ११ ची असेल, किंवा मोठं काम फत्ते झाल्यानंतरची. कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतरच एलीया संदेष्ट्याने मरण मागितलं, आणि देवदूताने त्याला उपदेश नाही केला, खायला दिलं, पुन्हा झोपू दिलं (१ राजे १९). थकलेल्या माणसाला पहारा जमत नाही, म्हणून पुरेशी झोप हाही या साधनेचाच भाग धरा.

रात्री झोपण्यापूर्वी १० मिनिटं दिवस तपासा. १६ व्या शतकात संत इग्नाटियस लोयोला यांनी घालून दिलेला क्रम आजही चालतो: आधी आभार, मग स्वतःची पापं दिसावीत म्हणून देवाकडे कृपा मागणं, मग तासातासाने दिवसाचा आढावा, क्षमायाचना, आणि सुधारण्याचा निश्चय. आभार गाळले की तपासणीचा खटला होतो आणि माणूस आठवड्याभरात ती सोडून देतो. 'माझं चुकलं' असं मोघम म्हणू नका; 'जेवताना मी आईला तोडून बोललो' असं म्हणा. निश्चयही तेवढाच नेमका करा, उद्याच्या एकाच प्रसंगापुरता.

क्षमा मागूनही तेच पाप पुन्हा पुन्हा टोचत राहिलं, 'तुला क्षमा नाहीच' असा आवाज येत राहिला, तर तपासणी लांबवू नका. १ योहान १:९ मोठ्याने वाचा आणि थांबा. पवित्र आत्मा दोष दाखवतो तो येशूकडे वळवण्यासाठी. निराशेत ढकलणारा आवाज त्याचा नव्हे. आठवडे गेले तरी हे थांबत नसेल, तर पाळकांशी किंवा मंडळीतल्या एखाद्या जाणत्या, विश्वासू माणसाशी बोला. याकोब ५:१६ मध्ये एकमेकांजवळ पापं कबूल करायला सांगितलंय ते यासाठीच.